सेट मोडू नये म्हणून

परभणी जिल्ह्यातील तमाम सुज्ञ नागरिक, अर्धे सुज्ञ नागरिक आणि संस्थाचालक यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, बंगल्यावर मला दिलेला चहा कागदाच्या कपात होता. उरलेल्या सहा जणांच्या हातात चिनी मातीचे कप होते. पांढरेशुभ्र, सोनेरी काठाचे, पोटावर एक निळं फूल असलेले. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी. नोंद घेऊन झाली असेल तर खाली बसावं, कारण गोष्ट लांब आहे आणि मला ती सांगताना मजा येते. मी ती रडत सांगावी अशी कुणाची अपेक्षा असेल तर माफ करा. रडून झालंय.

बंगला आबासाहेबांचा. आबासाहेब म्हणजे आमच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष. शिक्षणाशी त्यांचा संबंध जमिनीपुरता. कॉलेज त्यांच्या वडिलांच्या पडीक रानात उभं आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही. जे ओळखतील ते ओळखतील, आणि जे ओळखणार नाहीत त्यांच्याही गावात असं एक असेलच. मी तिथं इंग्रजी शिकवायची. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर माणूस, नाही घेतला तर कुणी नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी सरकारदरबारी अस्तित्वातच नसायची. सुट्टी संपली की पुन्हा जन्म घेऊन पालमहून एस.टी.नं कामावर जायची.

पालमच्या कडेला आमची वस्ती. तिथं मी आणि माझी माय. आडनाव सांगत नाही. आपल्याकडे वस्ती कुठं आहे ते सांगितलं की आडनाव आपोआप कळतं.

तर अशी कितीतरी वर्षं तासिकेवर काढल्यावर इंग्रजीची एक कायम जागा निघाली. माझी पात्रता परीक्षा कधीच पास झालेली. लोक तिला सेट म्हणतात. मुलाखतीची तारीख लागली आणि निरोप आला, बंगल्यावर चहाला या.

आमच्या संस्थेत या निरोपाला फार अर्थ. मुलाखत नावाची एक नाटिका आमच्याकडे होते. बाहेरून तज्ज्ञ येतात, प्रश्न विचारतात, उमेदवार घाम पुसतात. पण निकाल आधीच बंगल्यावर लागलेला असतो. आबासाहेबांनी चहाला बोलावलं आणि चहा सेटमधल्या कपात आला, तर माणूस आत. स्टीलच्या पेल्यात आला, तर पुढच्या साली बघू. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणी 'काय म्हणाले?' असं विचारत नाही. एकच प्रश्न असतो, "कशात आला?" पीएच.डी. झालेली माणसं हा प्रश्न विचारतात. कपाळाला आठ्या घालून. मी स्वतः ऐकलंय.

कागदाच्या कपाचा अर्थ मात्र कुणालाच माहीत नव्हता. माझ्याआधी तो कुणाला आलाच नव्हता. संस्थेनं माझ्यासाठी खास नवीन पद निर्माण केलं होतं.

सोफ्यावर आबासाहेब, प्राचार्य, दोन संचालक, एक रस्त्याचा कंत्राटदार आणि आबासाहेबांचा पुतण्या. पुतण्याही इंग्रजीचा एम.ए. त्याची पीएच.डी. नुकतीच झाली होती. ती कुणी लिहिली ते मला माहीत आहे, पण लिहिणारा बिचारा पोटासाठी लिहितो, त्याला कशाला उघडा पाडू. सोफ्यावर जागा संपली म्हणून मी दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर.

आबासाहेबांच्या पत्नी, म्हणजे बाईसाहेब, ट्रे घेऊन आल्या. सहा कप. त्यांनी डोळ्यांनीच माणसं मोजली. मग काचेच्या कपाटाकडं गेल्या. त्यात दुसरा सेट मला बसल्या जागेवरून दिसत होता. त्याच्या खालच्या खणातून त्यांनी कागदी कपांचा पुडा काढला. कुणाच्या तरी लग्नातला उरलेला. कपावर लाल अक्षरांत 'सुस्वागतम'.

पुतण्या म्हणाला, "काकू, कपाटात दुसरा सेट हाय की."

"त्यातला एक काढला की सेट मोडतो," बाईसाहेब म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून गोड हसल्या. "आन् मॅडम काय, घरच्याच हायेत. कागदाचा बरा असतोय बगा. स्वच्छ. पिला की फेकला."

साथ येऊन गेल्यापासून या लोकांना स्वच्छतेची फार मोठी सोय झाली आहे. पूर्वी कारण सांगता येत नव्हतं. आता सांगता येतं.

मी म्हणाले, "चालेल."

चहा पिऊन झाला. बाकीच्यांनी कप समोरच्या टेबलावर ठेवले. मी माझा ठेवायला वाकले तर बाईसाहेब म्हणाल्या, "तिकडं. भाइर. गेटपाशी डबा हाय." मग मी तो रिकामा कप हातात धरून निघाले. सोफ्यापुढून, मंत्र्यांबरोबरच्या फोटोंखालून, पोर्चमधून, सगळ्यांच्या चपलांवरून, थेट गेटपर्यंत. पाहुणी आपलं उष्टं स्वतः घेऊन जात होती. मागं बोलणं थांबलं नव्हतं. तेच जास्त लागलं. कुणाला काही विचित्र वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये प्रश्न आला, "कशात आला?"

"चांगला होता चहा," मी म्हणाले. साखर जास्त होती, एवढंही सांगितलं.

त्याच दिवशी बी.ए.च्या वर्गात योगायोगानं हाच शब्द निघाला. सेट. आमच्या लायब्ररीतली जाड डिक्शनरी उघडली तर हा शब्द सुरू होतो आणि पान उलटलं तरी चालूच राहतो. तीन अक्षरांचा शब्द, पण गावच्या पाटलासारखा ऐसपैस बसलेला. मी पोरांना म्हटलं, तुमच्या घरात, गल्लीत हा शब्द जसा वापरतात तशी वाक्यं सांगा. वर्ग एकदम जागा झाला. कुणाचा भाऊ पुण्यात सेट झाला होता. कुणाच्या वहिनीला सोन्याचा सेट केला होता आणि त्यावरून घरात भांडण चालू होतं. गंगाखेडच्या एका पोराचा मोडलेला हात डॉक्टरांनी सेट केला होता. शिष्यवृत्तीच्या कागदांचे तीन सेट लागतात. मागून एक आवाज आला, "मॅडम, सेटिंग चालंल का?"

"त्याला वेगळा तास लागेल," मी म्हटलं. "आणि तो घेणारे लोक वेगळे आहेत."

पोरं बाकं बडवून हसली. मग बोरीची एक मुलगी उभी राहिली. आत्याकडं राहून शिकत होती, सहसा बोलायची नाही. "मॅडम, आमच्या मायला लग्नात लेमन सेट आलता. एक जग, सहा ग्लास. अजून खोक्यात हाय. पाहुणे आले की माय पेल्यात सरबत देती."

"का गं?"

"सेट मोडू नये म्हणून."

वर्ग पुन्हा हसला. मीही हसायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्या मुलीची माय जन्मात एकदा मिळालेली वस्तू जपत होती. पाहुण्यांना देत नव्हती, तशी स्वतःही त्यात पीत नव्हती. बाईसाहेबांचा सेट रोज बाहेर निघत होता. कंत्राटदार आला तरी मोडत नव्हता. संचालक आले तरी मोडत नव्हता. तो मोडणार होता फक्त माझ्या ओठांनी. केवढे ते माझे ओठ! चिनी मातीला तडा घालणारे. मला आधी कुणी सांगितलं असतं तर सर्कशीत गेले असते.

तरीही खरं सांगते, मी त्यांना संशयाचा फायदा दिला. सात माणसं होती, कप सहा होते, असं मनाला समजावलं. कायम जागेसाठी माणूस स्वतःला काय काय समजावतो.

पंधरवड्यानं पुन्हा बोलावणं. या वेळी तिघंच. आबासाहेब, पुतण्या आणि मी. टेबलावर सेटचे सहाच्या सहा कप धुऊन पालथे घातलेले. बाईसाहेबांनी त्यातले दोन सुलटे केले, भरले. मग कपाटाकडं गेल्या. पुडा. सुस्वागतम.

आबासाहेबांनी काम सांगितलं. कॉलेजच्या तपासणीला बाहेरून समिती येणार होती. सगळा कारभार इंग्रजीत. "रिपोर्ट तुमी लिवा. समितीपुढं बी तुमीच बोला. आपल्यात तेवढी इंग्लिश कुणाला येती? आन् ह्याला जरा चार वाक्यं शिकवा," पुतण्याकडं हनुवटी करून ते म्हणाले. "समिती एकदा गेली, की तुमचं आमी सेट करून टाकतो. जागा तुमचीच धरा."

म्हणजे व्यवहार स्वच्छ होता. जीभ माझी वापरायची, ओठ मात्र कपाला लागू द्यायचे नाहीत.

जागेसाठी मी हो म्हणाले. त्या दिवशी चहा फार गरम होता आणि कागदी कपाला कान नसतो. बोटं भाजत होती. मी या हातातून त्या हातात कप करत होते आणि समोर दोघं जण कान धरून निवांत फुरके मारत होते.

घरी आल्यावर मायला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण ती माझी बोटं बघत होती. माझी माय अर्धं आयुष्य लोकांच्या उसात राबली. तिला वाटत होतं मी आता साहेब होणार.

"कागदाचा व्हता?"

"हो."

"नवा का वापरल्याला?"

"नवाच गं. पुड्यातून काढला."

"मंग लय सुदारले की लोक!" माय खो खो हसली. "आमचा कप गोठ्याच्या वळचणीला खोचल्याला राहायचा. त्याचा कान तुटल्याला. पिऊन झालं की आपणच धुयाचा, आपणच खोचायचा. मालकीण वरून वतायची, हात लांब करून, जणू आमी इस्तव हाव. दुसऱ्या साली तोडीला गेलं की त्योच कप, तितंच. आत कोळ्यानं जाळं केल्यालं. तुला तर फेकाया मिळाला, बया. तुझी मजा हाय."

ती हसत होती आणि मीही हसत होते. मग ती थांबली. चुलीतलं लाकूड आत सारलं.

"मंग? तू काय म्हणलीस?"

"चालेल म्हणाले."

"मी बी तेच म्हणायची," माय म्हणाली.

बस. एवढंच. ती भाकरी थापायला लागली. तिला लिहिता-वाचता येत नाही. मी एम.ए., सेट. तिच्यापासून माझ्यापर्यंत येताना कप बदलला होता. उत्तर तेच होतं.

समिती आली. तीन माणसं, अध्यक्ष एक वयस्कर बाई, खादीची साडी, डोळे तीक्ष्ण. मी बोलले. दोन घटका अस्खलित इंग्रजीत बोलले. ज्या लायब्ररीत पाली राहतात तिचंसुद्धा कौतुक केलं. पुतण्याला शिकवलेल्या चार वाक्यांपैकी त्यानं दोन म्हटली आणि तिसऱ्याला घाम पुसला. आबासाहेब सगळा वेळ मान डोलावत होते. त्यातलं काही कळत नाही हे लपवायचा तेवढाच मार्ग असतो.

मग सगळे आबासाहेबांच्या दालनात. पाहुण्यांसाठी बंगल्यावरचा सेट आणला होता. शिपाई सोपान तो टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन रिक्षातून आला होता. समितीचे तिघं, आबासाहेब, प्राचार्य, पुतण्या. सहा. आणि सातवी मी. हिशेब त्यांनी किती पक्का केला होता बघा! सोपान ट्रे घेऊन आत आला. सहा कप आणि कोपऱ्यात एक सुस्वागतम.

पाहुण्यांनी तीन कप उचलले. मग सोपान आबासाहेबांकडं वळला, तर अध्यक्षबाई बघत आहेत हे पाहून आबासाहेबांना एकदम सभ्यतेची उबळ आली. त्यांना येत असलेलं एकमेव इंग्रजी त्यांनी मोठ्यानं म्हटलं, "लेडीज फर्स्ट!" आणि माझ्याकडं हात केला.

सोपान माझ्यापुढं उभा राहिला. त्यानं ट्रे थोडा फिरवला. कागदी कप बरोबर माझ्या हाताशी आला. तसं त्याला सांगितलेलं असणार. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. आमच्याच वस्तीच्या पलीकडचा आहे तो. ट्रेकडं बघत राहिला.

मी निळ्या फुलाचा कप उचलला.

वीज कडाडली नाही. छत कोसळलं नाही. सोनेरी काठ ओठांना जरा थंड लागला आणि आतला चहा तोच होता, बंगल्यावरचाच, साखर जास्त. मी एक घोट घेतला. मोठ्यानं. फुर्र करून. घरी माय मला अशा पिण्याबद्दल ओरडते.

आता खरा तमाशा पुढं आहे. ट्रेवर उरले दोन चांगले कप आणि एक कागदी. सोपान प्राचार्यांकडं वळायच्या आत प्राचार्यांनीच उठून कप उचलला. एवढी चपळाई त्यांनी उभ्या नोकरीत दाखवली नव्हती. उरला एक चांगला, एक कागदी, आणि काका-पुतणे. पुतण्यानं काकांकडं पाहिलं. काकांनी पुतण्याकडं. ज्या रक्तासाठी अख्खी संस्था चालवली, त्या रक्तानं हात पुढं केला आणि चांगला कप घेतला.

सोपान ट्रे घेऊन आबासाहेबांपुढं उभा राहिला. ट्रेवर सुस्वागतम.

"अहो, तुम्ही कागदाच्या कपात?" समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "काय हा साधेपणा!"

आबासाहेब हसले. त्यांना हसावंच लागलं. चहा गरम होता. ते कप या हातातून त्या हातात करायला लागले. मी समोर बसून कान धरून निवांत पीत होते. आयुष्यात इतका चवदार चहा मी प्याले नाही, आणि तो काही चांगला नव्हता.

समिती गेली. गाडीची धूळ बसायच्या आत मला दालनात बोलावलं. आबासाहेब, प्राचार्य, पुतण्या. दाराशी सोपान कप गोळा करत होता.

"मॅडम, तुमाला समजत न्हाई का?"

"काय समजत नाही, साहेब?"

"काय म्हंजे?"

"सांगा ना. मी समजून घेते."

"त्यो कप..." ते थांबले.

"हं. कपाचं काय?"

"त्यो पाहुण्याचा व्हता."

"बरं. आणि मी कोण?"

प्राचार्य खिडकीतून वाळलेल्या बागेकडं फार प्रेमानं बघायला लागले. पुतण्या म्हणाला, "मॅडम, तुमी घरचं माणूस..."

"मग घरच्या माणसाला घरचा कप का नाही?"

मी वाट बघत उभी राहिले. मला खरंच ऐकायचं होतं. पिढ्यान्पिढ्या जे करत आले, ज्याच्यासाठी वळचणी ठेवल्या, पुडे ठेवले, वरून ओतायला हात लांब केले, ते एकदा वाक्यात मांडा ना! कर्ता, कर्म, क्रियापद. मराठीत सांगा, नाहीतर पुतण्याला इंग्रजीत सांगायला लावा. आबासाहेबांचं तोंड दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. भाषणाला उभे राहिले तर तास-तास खाली न बसणारा माणूस. इतका घाणेरडा विचार, की बाळगणाऱ्यालाही तो मोठ्यानं म्हणता येईना. त्या क्षणी माझी भीती संपली. ज्याला मी इतकी वर्षं डोंगर समजत होते तो बुजगावणं निघाला. तेही कापड विटलेलं.

शेवटी ते सोपानवर ओरडले. "ए, त्यो कप. मॅडमचा. फेकून दे."

"चांगला हाय साहेब. तडा बी न्हाई."

"फेक म्हणलं ना!"

म्हणजे उत्तर मिळालं. बोलता आलं नाही, पण मिळालं.

संध्याकाळी घरी निघताना मी इमारतीच्या मागं गेले. कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर कप होता. उभा. कान बाहेरच्या बाजूला. सोपाननं तो फेकला नव्हता, ठेवला होता. मी तो नळाखाली धुतला, ओढणीत गुंडाळला आणि पालमच्या एस.टी.त मांडीवर घेऊन बसले. सोपान बंगल्यावर गेला तेव्हा त्याच्या टॉवेलात पाच कप होते. सेट मोडला. मी मोडला नाही. मी नुसता चहा प्याले.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पुतण्या सेट झाला. माझी मुलाखत पाच मिनिटांत उरकली. एका तज्ज्ञानं माझं गाव विचारलं, दुसऱ्यानं घड्याळ बघितलं. पुढच्या वर्षी माझे तासही काढून घेतले. मी तक्रार केली आहे. तिच्या प्रतींचे तीन सेट मागितले, तीन दिले. चौथा मागतील, तोही देईन. प्राचार्यांनी निरोप पाठवला की तक्रार मागं घ्या, तास परत देऊ. मी विचारलं, "चहा कशात देणार?"

आता मी वस्तीतच आमच्या पत्र्याच्या खोलीत इंग्रजीची शिकवणी घेते. पोटापुरतं होतं. तो कप तिथं खिळ्याला टांगलेला असतो. माय त्यात पिते, मी पिते, पोरं भांडून पितात. रॉकेलवाला आला तर रॉकेलवाला पितो. पोरं डिक्शनरी उघडून सेटचे अर्थ पाठ करतात आणि मी त्यांना सांगते की यात एक अर्थ छापायचा राहिला आहे, तो मी बंगल्यावर शिकले.

माझं ठरलं आहे. यापुढं समोर येणारा कप मी आधी बघणार. वेगळा असेल तर घेणार नाही. न घेता उठूनही जाणार नाही. बसून विचारणार, हा असा का? सगळ्यांदेखत विचारणार, आणि उत्तर येईपर्यंत हलणार नाही. 'घरच्या आहात' चालणार नाही. 'स्वच्छता' चालणार नाही. जे पोटात आहे ते ओठावर आणा. माझ्या मायनं ज्याच्यासाठी मान खाली घालून कप धुतला, ते तुम्ही मान वर करून बोलून दाखवा. जिथं जिथं मला गप्प बसवलं, तिथं तिथं मी तुम्हाला बोलतं करणार. मला तुमचा सेट नको. मला तुमचं तोंड उघडलेलं बघायचं आहे.

आणि ते मी बघितलं. परवाच.

निवडणूक लागली आहे. आबासाहेब स्वतः उभे आहेत. गळ्यात गमजा, मागं पोरांचा घोळका, पुढं एक जण मोबाईल धरून उलटा चालतोय, साहेबांचा प्रत्येक नमस्कार टिपतोय. आमच्या वस्तीत ते पाच वर्षांनी आले. वस्तीत सगळ्यात म्हातारी माझी माय, म्हणून पहिला नमस्कार तिला. मी खोलीत होते. त्यांनी मला बघितलं नव्हतं. घर कुणाचं हेही त्यांना माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

"मावशी, आशीर्वाद ऱ्हाऊ द्या."

"हाय की. बसा. च्या घ्या."

मोबाईलवाल्याचे डोळे चमकले. वस्तीतला चहा! त्यानं साहेबांना खूण केली. आबासाहेब बाजेवर ऐसपैस बसले. "घेऊ की मावशी. तुमच्या हातचा च्या घ्यायलाच आलोय. आमी कदी भेद मानला न्हाई."

माय आत आली. चहा उकळला होता. घोळक्यासाठी मी पेले मांडले होते. तिनं भिंतीवरच्या खिळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"साहेबाला कशात देऊ?"

"पाहुण्याच्या कपात."

ती बाहेर गेली. मी दारात येऊन उभी राहिले. वस्तीला गोष्ट पाठ होती. नळावरच्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या. शिकवणीची पोरं भिंतीवर चढली. आबासाहेबांनी मोबाईलकडं बघून हसत कप उचलला, ओठांजवळ नेला, आणि नजर खाली गेली. सोनेरी काठ. निळं फूल. त्यांनी कप जरा फिरवला. हसू तसंच राहिलं, पण हसण्यामागचा माणूस त्यातून निघून गेला. मग त्यांनी वर बघितलं आणि दारात मी.

मोबाईल चालू होता. प्यायचं किंवा ठेवायचं, दोनच रस्ते होते. त्यांनी दोन्ही घेतले नाहीत. सगळ्या वस्तीसमोर त्यांचं तोंड आपोआप उघडलं आणि ते ओरडले,

"आरं, ह्यो तर आमच्या सेटमधला कप हाय!"